राष्ट्रपतिपदाचे अंदाज आणि माळ्यावरचा गठ्ठा

आमच्या दुकानाच्या माळ्यावर ऑक्टोबर २०२४ पासून एक गठ्ठा पडून होता. त्यात १,५०० दुपट्टे. सुरतचे साटीन, अकोल्याहून केलेली छपाई आणि मोहल्ल्यातील सात-आठ बायांनी घरच्या मशीनवर केलेला पिको. रंग कोणता होता आणि वर चिन्ह कोणते होते हे आम्ही सांगणार नाही, कारण त्या पक्षाचा यात काही दोष नाही. दोष आमच्या अंदाजाचा होता.

विधानसभेच्या निवडणुकीचे दिवस होते. शेजारच्या मतदारसंघातल्या एका इच्छुकाचा माणूस दुकानात आला. म्हणाला, "चाचा, तिकीट पक्कं समजा. भाऊले मुंबईले बोलावलं हाये. यादी आली का लगेच माल लागन, तवा वेळ भेटनार नाही." दहा हजार आगाऊ दिले, बाकी माल उचलताना. आम्ही बाजारात दोन-चार ठिकाणी विचारले. अडत्यांनी सांगितले, त्याचेच नाव चालते. चहावाल्याने सांगितले, त्याचेच. वर्तमानपत्रातही त्याचे नाव तीनदा आले होते. आम्ही माल टाकला. कापड आणि छपाई मिळून नगामागे २२ रुपये, पिकोचे ३ रुपये, म्हणजे एकूण ३७,५०० रुपये. यादी आली तेव्हा त्यात दुसरेच नाव होते. दुपट्ट्याच्या दोन्ही टोकांना भाऊचे नाव छापलेले, त्यामुळे तो माल ज्याला तिकीट मिळाले त्यालाही चालणार नव्हता. साडेसत्तावीस हजार अडकले. ज्या बायांनी रात्री जागून पिको केला त्यांचे साडेचार हजार आम्ही त्याच आठवड्यात दिले. त्यांनी काही कोणाच्या तिकिटावर काम घेतले नव्हते.

व्यापारी बंधूंनो, हा किस्सा सांगायचे कारण असे की, असा अंदाज चुकायची ही आमची पहिली वेळ नव्हती आणि का चुकतो हे आम्हाला पूर्वीच कळायला हवे होते. त्यासाठी थोडे मागे, २००७ सालात जावे लागेल.

त्या वर्षी जून महिन्यात देशाला नवा राष्ट्रपती निवडायचा होता. जून म्हणजे कापडवाल्यांचा रिकामा महिना. लग्ने संपलेली, शेतकरी पेरणीच्या मागे, दुकानात गिऱ्हाईक नाही. मग स्टेशन रोडवरच्या आमच्या ओट्यावर रोज मैफल बसायची. कोणी म्हणे शिवराज पाटील, कोणी म्हणे प्रणव मुखर्जी, कोणी डॉ. करणसिंह, कोणी आपले सुशीलकुमार शिंदे. सर्वात जोर शिवराज पाटलांच्या नावाला होता. ते देशाचे गृहमंत्री, त्याआधी लोकसभेचे अध्यक्ष राहिलेले आणि काँग्रेसच्या नेतृत्वाच्या विश्वासातले. आम्ही तेव्हा तिशीत होतो आणि सर्वात मोठ्या आवाजात तेच नाव घेत होतो. एकाने तर शंभर रुपयांची शर्त लावायला हात पुढे केला. अब्बांनी तो हात खाली केला आणि म्हणाले, "दुकानात शर्त नाही."

अब्बा उर्दू वर्तमानपत्र चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. त्यांनी आम्हाला एवढेच विचारले, "दिल्लीचे सरकार कोणाच्या खांद्यावर उभे आहे?" आम्ही म्हटले, डाव्यांच्या. तेव्हा डाव्यांचे साठच्या आसपास खासदार होते आणि ते सरकारला बाहेरून पाठिंबा देत होते. "मग डाव्यांना शिवराज पाटील चालतात का?" ते चालत नव्हते, हे पेपरात रोज येत होते. अब्बा म्हणाले, "मग हो म्हणणारे किती हे मोजत बसू नका. नाही म्हणणारा कोण आहे आणि त्याचे नाही चालते की नाही, ते पाहा."

१४ जून २००७ च्या संध्याकाळी नाव जाहीर झाले. प्रतिभाताई पाटील. आमच्या ओट्यावर थोडा वेळ कोणी बोललेच नाही. अमरावती आमच्यापासून तास-दीड तासाच्या वाटेवर. ताई वऱ्हाडची सून, त्यांचे यजमान देवीसिंह शेखावत अमरावतीचे आमदार राहिलेले. १९९१ ते १९९६ ताई स्वतः अमरावतीच्या खासदार. नाव इतके घरचे, पण आमच्यापैकी एकाच्याही तोंडी ते आले नव्हते! त्या तेव्हा जयपूरला राजस्थानच्या राज्यपाल होत्या आणि चर्चेत कोठेच नव्हत्या. अब्बांनाही ते नाव सुचले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांनी फक्त कोण होणार नाही हे सांगितले होते. पण व्यापारात तेवढे कळले तरी पुष्कळ असते.

आता ताईंचेच नाव का, ते पाहा. डाव्यांना आक्षेप नव्हता. महिला राष्ट्रपती त्याआधी झाली नव्हती, तेव्हा महिलेच्या नावाला उघड विरोध करणे कोणालाही अवघड. आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे समोरच्या आघाडीतली शिवसेना. विरोधकांचा पाठिंबा होता उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत यांना. (म्हणजे एकीकडे शेखावत उमेदवार, दुसरीकडे शेखावतांच्या पत्नी. यावर आमच्या ओट्यावर आठ दिवस विनोद चालले.) पण मराठी व्यक्ती प्रथमच राष्ट्रपती होते आहे म्हटल्यावर शिवसेनेने आपल्या आघाडीला सोडून ताईंना मते दिली. २१ जुलैला निकाल लागला तेव्हा मतांचे मूल्य ताईंकडे ६,३८,११६ आणि शेखावतांकडे ३,३१,३०६ होते.

मतांचे मूल्य हा शब्द आला म्हणून दोन शब्द. या निवडणुकीत तुम्ही-आम्ही मत देत नाही. निवडून आलेले खासदार आणि आमदार देतात. आमदाराच्या मताचे वजन त्या राज्याच्या १९७१ च्या लोकसंख्येवरून ठरते. महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५, उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८ आणि सिक्कीमच्या आमदाराचे फक्त ७. म्हणजे आपल्या मूर्तिजापूरच्या आमदाराने मत दिले की १७५ पडतात. शिवाय या मतदानात पक्षाचा व्हिप चालत नाही. म्हणून उमेदवार असा शोधावा लागतो की दुसऱ्याच्या घरातली मतेही आपणहून चालत यावीत.

आम्हा कापडवाल्यांना ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. आहेराचा माल आठवा. लग्नाचा बस्ता फाडायला दोन्हीकडची माणसे दुकानात येतात. नवरीच्या शालूसाठी वेगळा हिशेब असतो, तेथे सर्वात सुंदर, सर्वात भारी माल पाहिला जातो. पण विहिणीच्या, नणंदेच्या, आत्याबाईच्या आहेराचे लुगडे निवडताना सर्वात सुंदर कोणते हे कोणी पाहतच नाही. पाहतात ते हे की कोणी नाक मुरडू नये. फार भडक नको, फार फिके नको, मागच्या लग्नात दिलेले नको. तासभर गठ्ठे उलटून शेवटी हात कोपऱ्यातल्या अशा एका नगावर जातो की तो पहिल्यांदा कोणाच्या नजरेतही भरला नव्हता. आमच्यासारखे नवे दुकानदार अशा वेळी भारी माल पुढे करीत राहतात आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. राष्ट्रपतिपदाची उमेदवारी हा आहेराचा माल आहे आणि आम्ही तिला शालू समजून भाव लावीत होतो.

एकदा हा हिशेब कळला की मागचे-पुढचे सारे प्रसंग त्यात बसू लागतात. २००२ सालीच पाहा. त्या वेळी आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांचे नाव सत्ताधारी आघाडीकडून पुढे होते, पण काँग्रेसला ते मान्य नव्हते. उपराष्ट्रपती कृष्णकांत यांचे नाव आले आणि आघाडीतच अडले. मग एकदम डॉ. अब्दुल कलाम यांचे नाव आले. ते तेव्हा चेन्नईला अण्णा विद्यापीठात शिकवीत होते. मुलायमसिंह त्यांच्या मागे उभे राहिले आणि काँग्रेसला नाही म्हणणे जड गेले. राहिले फक्त डावे. त्यांनी कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभे केले, पण निकालात त्याने फरक पडणार नव्हता. त्या जूनमध्ये आमच्या मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली होती आणि तरीही पाच वर्षांनी आम्ही पुन्हा मोठ्या नावाच्याच मागे धावलो. माणूस तजुर्बा विसरतो.

२०१७ साली लालकृष्ण अडवाणी, सुषमा स्वराज, सुमित्रा महाजन अशी मोठमोठी नावे फिरत होती. १९ जूनला जाहीर झाले रामनाथ कोविंद. तोपर्यंत आपल्याकडे किती जणांनी ते नाव ऐकले होते? ते बिहारचे राज्यपाल होते आणि बिहारचे मुख्यमंत्री नितीशकुमार तेव्हा विरोधकांच्या बाजूने होते. त्यांना आपल्याच राज्यपालांना नाही म्हणता येईना. त्यांनी पाठिंबा दिला. २०२२ साली द्रौपदी मुर्मू. ओडिशाच्या कन्या, तेव्हा तेथे नवीन पटनायक यांचे सरकार. झारखंडच्या माजी राज्यपाल, तेव्हा तेथे काँग्रेसबरोबर सत्तेत असलेला झारखंड मुक्ती मोर्चा. पहिल्या आदिवासी राष्ट्रपती. पटनायकांचा पक्ष आला, झारखंडवाले आले आणि आपल्याकडे उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेनेही त्यांनाच पाठिंबा दिला. विरोधकांकडे तर उलटाच प्रकार. शरद पवार, फारूख अब्दुल्ला, गोपाळकृष्ण गांधी या तिघांनी एकामागून एक नकार दिला आणि मग यशवंत सिन्हा उभे राहिले. तेथे निवडणाऱ्याने नव्हे, मालानेच गिऱ्हाइकाला नापसंत केले!

यात एक गंमत आहे. मुर्मू यांचे नाव २०१७ सालीही जोरात चर्चेत होते. ज्यांनी तेव्हा त्यांचे नाव घेतले त्यांचा माल बरोबर होता, हंगाम चुकला. तसेच नीलम संजीव रेड्डी यांचे. डॉ. झाकिर हुसेन मे १९६९ मध्ये पदावर असतानाच गेले, तेव्हा काँग्रेसने रेड्डींना अधिकृत उमेदवारी दिली. पण इंदिराजींनी सदसद्विवेकाने मत द्या म्हटले आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. तेच रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. आमच्या धंद्यात असे होते. एखादे डिझाईन पडून राहते आणि काही वर्षांनी गिऱ्हाईक तेच मागत येते. पण तोवर पैसे अडकवून ठेवायची ताकद किती जणांची?

अब्बांचा नियम म्हणजे मोठे नाव नेहमी कटते असा मात्र नाही. २०१२ साली सर्वांच्या तोंडी प्रणव मुखर्जी होते आणि तेच झाले. १३ जूनला ममता बॅनर्जी आणि मुलायमसिंह यांनी दिल्लीत डॉ. कलाम, मनमोहनसिंग आणि सोमनाथ चटर्जी अशी तीन नावे टाकली, तेव्हा आमच्या ओट्यावर पुन्हा गोंधळ उडाला. दोन दिवसांत मुलायमसिंह फिरले. मग नकार एकट्या ममतांचा उरला आणि एकटीच्या नकाराने आघाडीची मते कमी पडत नव्हती. शेवटी त्यांनीही प्रणवबाबूंनाच मत दिले. म्हणजे नकार आहे एवढे पाहून भागत नाही. त्या नकाराचे वजन किती, तेही तोलावे लागते.

अमेरिकेत ही रीत वेगळी आहे. तेथे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाचे सामान्य मतदार ठरवतात. एकेका राज्यात मतदान होत जाते आणि नावे गळत जातात. आपण ज्याला किरकोळ विक्री म्हणतो तसे ते आहे. लाखो गिऱ्हाइके, प्रत्येकाची पसंती वेगळी. आमच्या थोरल्या मुलाने मोबाईलवर दाखवले की तेथे उमेदवारांचे भाव चालतात, अगदी कापसाच्या वायद्यासारखे. आयोवा विद्यापीठाने १९८८ पासून अभ्यासासाठी असा एक छोटा बाजार चालवला आहे. पण तेथेही लवकर लावलेला भाव टिकत नाही. २००७ च्या पावसाळ्यात तेथील पाहण्यांत एका पक्षात हिलरी क्लिंटन आणि दुसऱ्यात न्यूयॉर्कचे माजी महापौर जुलियानी पुढे होते. जॉन मॅकेन यांच्याकडे तर प्रचाराचा पैसाही संपत आला होता. ३ जानेवारी २००८ ला आयोवात ओबामा जिंकले आणि पुढे उमेदवार झाले ओबामा आणि मॅकेन. २०२४ साली याहून मोठे घडले. जो बायडेन यांनी राज्याराज्यातले मतदान जिंकले होते, उमेदवारी खिशात होती. २७ जूनच्या वादसभेत ते अडखळले, पक्षातल्या बड्यांनी चुळबूळ सुरू केली आणि २१ जुलैला ते बाजूला झाले. कमला हॅरिस उमेदवार झाल्या. म्हणजे किरकोळ बाजारातही मोक्याच्या वेळी ठोक व्यापारीच भाव ठरवतात.

आपल्याकडे तर सारा व्यवहार ठोकच. विधानसभेचे तिकीट कोण देतो? मतदार नाही, तालुक्याचा कार्यकर्ताही नाही. पक्षाचा ए-बी फॉर्म ज्याच्या सहीने निघतो तो. त्याच्या आधी जागा कोणत्या पक्षाच्या वाट्याला जाते हे ठरते, आणि आघाडी-युतीच्या काळात सर्वात जास्त इच्छुक तेथेच कापले जातात. जागाच गेली तर तुमचा भाऊ कितीही लोकप्रिय असला तरी काय? खुद्द मूर्तिजापुरात काय झाले ते आपण पाहिलेच. २००९ पासून सलग तीनदा निवडून आलेले हरीश पिंपळे, पण २०२४ मध्ये भाजपच्या पहिल्या दोन याद्यांत त्यांचे नाव नव्हते. ते आले २८ ऑक्टोबरच्या तिसऱ्या यादीत, आणि अर्जाची मुदत २९ ला संपत होती. तेवढ्या दिवसांत बाजारात काय काय ऐकायला मिळाले याची मोजदाद नाही. शेवटी तेच उमेदवार झाले आणि तेच जिंकले. ए-बी फॉर्म मिळाला म्हणजे संपले असेही नाही. अकोला पश्चिममध्ये वंचित आघाडीच्या अधिकृत उमेदवाराने ४ नोव्हेंबरला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, अर्ज मागे घेतला. त्या मतदारसंघात काँग्रेसचे साजिद खान पठाण जिंकले ते अवघ्या १,२८३ मतांनी.

आता आमच्या इच्छुकाकडे वळू. आम्ही अडत्याला विचारले, चहावाल्याला विचारले, पेपर पाहिला. म्हणजे हो म्हणणारे मोजले. त्याला नाही म्हणणारा कोण, हे विचारलेच नाही. नंतर कळले की जिल्ह्यातल्या एका वजनदार माणसाचे त्याच्याशी वर्षानुवर्षे पटत नव्हते. हे तेथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक होते. आणि पेपरात तीनदा नाव येणे म्हणजे पक्के होणे, हे आम्ही कोठून शिकलो? ज्याचे नाव लवकर बाहेर येते त्याच्याविरुद्ध तक्रारी करायला विरोधकांना तेवढा अधिक वेळ मिळतो. काही नावे तर त्यासाठीच बाहेर सोडली जातात.

आणखी एक गोष्ट आम्हाला स्वतःची लाज वाटून सांगावी लागते. अब्बांनी ओट्यावर शंभर रुपयांची शर्त लावू दिली नव्हती, कारण ती हराम. पण तिकीट मिळेल या भरवशावर आम्ही जी साडेसत्तावीस हजारांची उधारी दिली ती शर्तीहून किती वेगळी होती? बिलबुकात लिहिली म्हणून ती व्यापार झाली का? एका मौलाना साहेबांना आम्ही हे विचारले. ते हसले आणि म्हणाले, "फतवा नंतर, आधी तुमचा हिशेब तुम्हीच सांगा." आम्ही सांगू शकलो नाही.

आमच्यासारखे बॅनरवाले, मंडपवाले, छपाईवाले, झेंडे शिवणारे कारागीर आपल्या समाजात पुष्कळ आहेत. त्यांनी तिकिटाच्या हंगामात निदान नावाची छपाई तरी थांबवावी. साधे चिन्हाचे दुपट्टे, टोप्या, झेंडे आधी करून ठेवले तर उमेदवार बदलला तरी माल खपतो. नावाचा माल ए-बी फॉर्म पाहिल्यावरच हाती घ्यावा, तोही पुरी रक्कम घेऊन. आणि शिवणाऱ्या बायांची मजुरी आगाऊ रकमेतून आधीच बाजूला काढून ठेवावी. राष्ट्रपतींची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. त्या वर्षीच्या मेपासून ओट्यावर पुन्हा नावे सुरू होतील. तेथे गप्पाच असतात, त्यात कोणाचे कापड अडकत नाही. आम्हीही बसू, पण या वेळी आधी कागद घेऊन कोणत्या आघाडीला किती मते कमी पडतात आणि ती कोणाच्या घरातून यायची, हे लिहून काढू.

माळ्यावरच्या गठ्ठ्याचे शेवटी असे झाले. हिवाळ्यात एक पिंजारी भाई रजईला आतून लावायला स्वस्त कापड शोधत आले. त्यांनी सारे दुपट्टे नगामागे पाच रुपयांनी नेले. साडेसात हजार परत आले, वीस हजार गेले.

२०२५ च्या अखेरीस नगरपरिषदेच्या निवडणुका आल्या, तेव्हा तोच माणूस पुन्हा दुकानात आला. या वेळी दुसऱ्या भाऊसाठी. आम्ही त्याला चहा पाजला आणि ए-बी फॉर्म विचारला.

"चाचा, उद्या येते थो," तो म्हणाला.

आम्ही म्हटले, "मग कापडही उद्याच दाखवतो."